शहरातली सरकारी शाळा आणि आपली वस्ती

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू होती. महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम आठवड्यावर येऊन ठेपला होता. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभागृहापुढे एक साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत फक्त अठरा पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी मुले पुन्हा निरक्षरतेत जमा होतात, असे त्यांनी दाखवून दिले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून त्याहून कितीतरी अधिक रक्कम त्याच जनतेकडून वसूल करते; निदान जेवढे घेता तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. शाळा काढली म्हणजे काम संपले नाही, मूल शाळेत टिकले पाहिजे, हा त्या भाषणाचा गाभा होय.

या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही तोच हिशेब नव्याने ठेवीत आहोत. आज मूल चौथीपर्यंत बहुधा पोहोचते. त्याची खरी कसोटी पाचवी ते आठवीच्या वर्गांत लागते. शिवाय आपल्या मुलांची शाळा आता केवळ गावात राहिलेली नाही. चौरासातल्या आसगावसारख्या गावांतून रोजगारासाठी भंडारा, नागपूर, पुणे, मुंबई गाठलेली कुटुंबे आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात आहेत. त्यांच्या मुलांची शाळा म्हणजे बहुतेक वेळा नगर परिषदेची किंवा महानगरपालिकेची शाळा. ही शाळा कशी घडली, तिच्याभोवतीची वस्ती तिला काय देते, कायदा काय सांगतो आणि आपल्या समाजाने या शाळेसाठी काय करावे, हे समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे.

मधली शाळा म्हणजे कोणती?

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात आपल्याकडे 'मिडल स्कूल' हा शब्द रूढ होता. भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या अशा शाळेवर 'पूर्व माध्यमिक शाळा' अशी पाटी दिसते. कायद्याच्या भाषेत हाच टप्पा 'उच्च प्राथमिक' होय. नावे वेगळी असली तरी टप्पा एकच, अकरा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींचा.

एके काळी सातवी ही मोठी मजल समजली जाई. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेल्याला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. आपल्या समाजातील पहिल्या पिढीचे कितीतरी गुरुजी सातवीच्याच बळावर मास्तर झाले आणि त्यांनी पुढची पिढी शिकवून काढली. त्या काळी जी मजल होती, ती आज फक्त एक पायरी आहे. सातवी-आठवीवर थांबलेल्या मुलाला आज कोणतीही नोकरी नाही; त्याच्या वाट्याला येते ती रोजमजुरी.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरात हीच जबाबदारी नगर परिषद किंवा महानगरपालिका सांभाळते. नागपूर महानगरपालिकेसारखी संस्था मराठीबरोबर हिंदी व उर्दू माध्यमाच्याही शाळा चालवते, कारण शहराच्या वस्तीत या तिन्ही भाषा बोलणारी मुले आहेत.

आपल्या राज्यात या टप्प्याची एक मोठी अडचण आहे, ती पालकांनी समजून घ्यावी. जुनी घडी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवीपासून हायस्कूल अशी होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी ठरवली. परंतु इमारती, शिक्षकांची पदे आणि खाजगी हायस्कुले जुन्या घडीप्रमाणेच उभी होती. त्यामुळे पुष्कळ वस्त्यांत मूल चौथीनंतर एकदा आणि सातवीनंतर पुन्हा एकदा शाळा बदलते. प्रत्येक बदलाच्या वेळी दाखला काढायचा, नवी शाळा शोधायची, नवा गणवेश, नवी वाट. याच वाटेवर एखादे मूल हरवते. जुन्या शाळेच्या हजेरीपटावरून त्याचे नाव कमी झालेले असते आणि नव्या शाळेच्या पटावर ते चढलेले नसते. मग ते गळाले आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही. वर्गातून उठून गेलेले मूल गुरुजींना दिसते, पण दोन शाळांच्या मध्ये राहिलेले मूल फक्त वस्तीलाच दिसू शकते. म्हणून मधल्या शाळेचा प्रश्न हा जितका शाळेचा, तितकाच वस्तीचा आहे.

बाबासाहेबांची सरकारी शाळा

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी शाळेत, इंग्रजी पहिलीच्या वर्गात, 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. रजिस्टरातील क्रमांक १९१४. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करते. इंग्रजी पहिली म्हणजे मराठी चौथीनंतरचा वर्ग, आजच्या हिशेबाने पाचवी. तेव्हा बाबासाहेबांच्या आयुष्यातही शहरातली सरकारी शाळा आली ती नेमकी याच मधल्या टप्प्यावर, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शाळा सरकारी होती म्हणून तिचे दार उघडले. आत मात्र समता नव्हती. बसण्यासाठी घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई हजर नसला की तहान तशीच राही. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार आणि त्यातच अभ्यास. एल्फिन्स्टन हायस्कूल हीसुद्धा सरकारीच शाळा. तेथे संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना ती भाषा घेऊ दिली नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. रामजी मुलाच्या पुस्तकांसाठी प्रसंगी लेकीचे दागिने गहाण टाकीत आणि पहाटे त्याला अभ्यासाला उठवीत, असे चरित्रकार सांगतात.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्षस्थानी सी. के. बोले होते आणि सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी उपस्थित होते. केळुसकर हे त्यांच्या शाळेतले शिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके वाचायला दिली. सत्काराच्या सभेत त्यांनी आपण स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, त्याच्या मागे या पुस्तकाचेही पाऊल आहे.

या कथेतून आम्ही एक सूत्र काढतो. सरकारी शाळेने दार उघडले. घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला त्या दारातून आत ठेवले. आणि शाळेच्या बाहेरच्या माणसांनी, म्हणजे समाजाने, त्या मुलाकडे लक्ष दिले. एकट्या शाळेने बाबासाहेब घडले नाहीत. परंतु ती शाळा सरकारी नसती, फी भरणाऱ्यांचीच असती, तर बाकी दोघांचे कष्टही पायरीशीच थांबले असते.

नागपूरने घालून दिलेला धडा

आपल्या भागापासून जवळचे मोठे शहर नागपूर. तेथील वस्त्यांचा इतिहास याच सूत्राचा दाखला आहे. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ साली नागपुरात मुलींची शाळा सुरू केली. सार्वजनिक शाळांत आपल्या मुलींना मानाने बसता येत नव्हते तो हा काळ.

जाईबाई चौधरी यांची हकिकत तर प्रत्येक विद्यार्थिनीने वाचावी अशी आहे. त्यांचा जन्म १८९२ सालचा, आपल्या पवनीच्या वाटेवरच्या उमरेडचा. दुष्काळामुळे कुटुंब नागपूरला आले. लग्नानंतर जाईबाई नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहण्याची हमाली करीत. एका मिशनरी बाईंनी त्यांची हुशारी ओळखून त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी गहजब केला आणि ती नोकरी गेली. जाईबाई घरी रडत बसल्या नाहीत. त्यांनी १९२० नंतरच्या काळात नागपूरच्या नवी वस्तीत संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. हमाली करणारी बाई शाळा काढते, याचा अर्थ शिक्षणाची भूक त्या वस्तीतच होती.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिच्याबरोबर महिलांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना स्वच्छता, मुलांचे शिक्षण आणि मुलींची लग्ने घाईने न करणे यांविषयी सांगितले. मधल्या शाळेच्या दृष्टीने पाहिले तर हा तिन्ही बाबतींत अकरा ते चौदा वर्षांच्या मुलीचाच प्रश्न होता. लग्न लांबले की शाळा लांबते, एवढे साधे गणित त्या परिषदेने घरोघरी पोचवले.

वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन १९९५ साली प्रसिद्ध झाले. नागपूरच्या सीताबर्डी भागातील एका महार वस्तीचे त्यात चित्रण आहे. ते लेखकाइतकेच त्याच्या वस्तीचेही चरित्र आहे. आखाडा, समता सैनिक दल, सभा, वाचन या साऱ्यांनी मिळून तिथले मूल वाढवले. शाळेत जाणारे मूल हे एका घराचे नसून सगळ्या वस्तीचे आहे, ही जाणीव तेथे होती. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिच्यात आणि नंतरच्या मॉडेल मिलमध्ये आपल्या कितीतरी माणसांनी घाम गाळला. मिलच्या पगारावर वस्तीत शाळेची पिढी उभी राहिली. पुढे मिल बंद पडल्या, तेव्हा हीच वस्ती पहिल्यांदा अडचणीत आली.

शहरी शाळेची आजची वस्ती

आज महानगरपालिकेच्या मधल्या शाळेत कोण येते? बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षा व ठेला चालवणारे, सफाई कामगार, नुकतेच गाव सोडून आलेले शेतमजूर यांची मुले. ज्यांची पहिली पिढी याच शाळेत शिकून नोकरीला लागली, त्यांची मुले बहुधा खाजगी शाळेत जातात. याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. आपल्या मुलासाठी बरे ते शोधणे हा आईबापाचा धर्मच आहे. परंतु त्याचा परिणाम समजून घेतला पाहिजे. ज्या पालकांचा आवाज अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतो, ते शाळेतून निघून गेले. जे राहिले त्यांना दिवसाची मजुरी बुडवून शाळेत येणे परवडत नाही. शाळेचा नळ बंद आहे, गणिताचे शिक्षक वर्षभर नाहीत, हे विचारणारे कोणी उरत नाही.

या टप्प्यावर अभ्यासही एकदम जड होतो. चौथीपर्यंत एकच गुरुजी सारे शिकवतात. सहावीपासून विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्रे, इंग्रजी असे विषय वेगळे होतात, पुस्तकाची भाषा कठीण होते. घरी शिकवणारे कोणी नसते, कारण मूल त्या घरातले सहावीत गेलेले पहिलेच असते. त्याच वेळी घराला त्याच्या हातांची गरज भासू लागते. मुलाला गॅरेजमध्ये किंवा केटररकडे काम मिळते. मुलगी मोठी होते, तिला धाकट्यांना सांभाळावे लागते आणि शाळेत स्वच्छतागृह नीट नसले तर महिन्याचे काही दिवस ती घरीच राहते. आधी आठवड्यात दोन दिवस गैरहजेरी, मग महिनाभर, मग नाव कमी. गळती एका दिवसात होत नाही, हे आमच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. ती थोडी थोडी होते, म्हणून ती रोखताही येते.

गावाकडून शहरात आलेल्या मुलाची अडचण आणखी वेगळी आहे. धानाची रोवणी आटोपली की कुटुंब कामाला बाहेर पडते, कापणीला परत येते, पुन्हा जाते. गावच्या शाळेत नाव असते, मूल शहरात असते. शहरातल्या शाळेत गेले तर दाखला मागतात असे ऐकून बाप मुलाला बरोबर कामावर नेतो. अशा वेळी कायदा काय म्हणतो हे माहीत असणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे होय.

कायद्याने काय दिले आहे

भारतीय राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले होते. दहा वर्षांत हे व्हावे अशी अपेक्षा होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-अ हा अनुच्छेद आला आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा:

दाखला नाही म्हणून सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. तो येईपर्यंत नव्या शाळेने मुलाला थांबवायचे नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही.

शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेल अशा वर्गात घ्यायचे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी द्यायची, असे बंधन आहे. बारा वर्षांच्या मुलाला दुसरीत बसवून त्याची थट्टा होऊ द्यायची नाही, हा यामागचा हेतू.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे आणि आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे हे नगर परिषद, महानगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थेचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिले आहे.

सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे शिक्षक असावेत, पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, वर्षात किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हावे, असे मान ठरलेले आहे. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि खेळाचे मैदान हेही त्यात आले.

शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी आहे. जातीवरून भेदभाव होणार नाही हे पाहणे हीसुद्धा शासनाची व स्थानिक संस्थेची जबाबदारी होय. सातारच्या वर्गातील ते गोणपाट आठवले की या कलमाचे मोल कळते.

दुपारचे जेवण हा त्याच हक्काचा भाग बनला आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे ही योजना उच्च प्राथमिक वर्गांनाही लागू झाली. या वर्गांतील मुलासाठी दिवसाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरले. 'खिचडीची शाळा' म्हणून हिणवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. ज्या देशात पाणी पिण्यासाठी तळ्यावर मोर्चा न्यावा लागला, तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसून एकाच भांड्यातले अन्न खातात, ही साधी गोष्ट नाही. जिथे अशी पंगत बसत नाही, तिथे ती बसवणे हे आपले काम आहे.

शाळा व्यवस्थापन समिती

या कायद्यातील सर्वात कमी वापरले गेलेले हत्यार म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. समितीत पाऊणपट सभासद पालक असले पाहिजेत. एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. शाळेच्या कामावर देखरेख करणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे हे या समितीचे काम.

कागदावर समिती प्रत्येक शाळेत असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरी येते, आई अंगठा किंवा सही देते आणि बैठक झाली असे लिहिले जाते. बाबासाहेबांनी राजकीय सत्तेला सर्व कुलपांची किल्ली म्हटले. शाळेच्या कुलपाची लहानशी किल्ली ही समिती आहे. ती आपल्या हातात असताना खिशात ठेवून उपयोग नाही. वस्तीतील महिला मंडळाने ठरवले, तर समितीतील मातांना बैठकीपूर्वी तासभर बसवून विचारायचे प्रश्न समजावून देता येतील: किती शिक्षकांची पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत, या महिन्यात कोणती मुले सतत गैरहजर आहेत, सातवीतून बाहेर पडलेले प्रत्येक मूल कोणत्या शाळेत दाखल झाले.

पट घटला तर काय होते

आता सर्वांत काळजीची गोष्ट. महाराष्ट्रातील शहरांत महानगरपालिकांच्या मराठी शाळांचा पट गेल्या काही दशकांत घसरत गेला आणि अनेक शाळा बंद झाल्या. खेड्यांतही तेच लोण आले. २०१७ साली शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे ठरवले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षक मंजूर होण्यासाठी किमान वीस विद्यार्थ्यांची अट घातली आणि त्यावरून राज्यभर वाद उठला.

याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर असा: वस्तीतली पाच-सहा घरे शाळेतून निघून गेली, तर केवळ त्यांची मुले जात नाहीत; उरलेल्या मुलांचे गुरुजीही जाऊ शकतात. शाळा लांब गेली की पहिल्यांदा मुलीची शाळा सुटते. ज्याच्याकडे फी आहे तो दुसरी शाळा शोधतो. ज्याच्याकडे नाही त्याचे मूल घरी बसते. सरकारी शाळा ही समाजातल्या सर्वांत मागे असलेल्या माणसाची शाळा आहे, म्हणून ती टिकवणे ही पुढे गेलेल्याची जबाबदारी आहे. आपले मूल कोठे शिकते हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु वस्तीतील शाळा चालते की नाही, हा सगळ्या संघाचा प्रश्न होय.

समाजाने काय करावे

मोठमोठ्या देणग्यांची आणि कमानींची गरज नाही. आमच्या मते पुढील कामे कोणत्याही बौद्ध मंडळाला, गावात किंवा शहरात, करता येण्याजोगी आहेत.

पहिले, जून महिन्यात वस्तीची यादी करावी. गेल्या वर्षी चौथी आणि सातवी झालेले प्रत्येक मूल यंदा कोठे आहे, हे घरोघर जाऊन विचारावे. हे काम दोन रविवारांचे आहे. गाव सोडून शहरात गेलेल्या कुटुंबांची माहिती गावच्या मंडळाने शहरातील नातेवाइकांना किंवा तेथील विहाराला कळवावी. आसगावातून निघालेले मूल नागपुरात पोचेपर्यंत आपल्या नजरेआड होऊ नये.

दुसरे, विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवावी. एका खोलीच्या घरात सहावीच्या मुलाला दिव्याखाली शांत जागा मिळत नाही. विहार संध्याकाळी वंदनेनंतर मोकळा असतो. आपल्यात सेवानिवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. गणित आणि इंग्रजी या दोन विषयांसाठी आठवड्यातले तीन दिवस जरी त्यांनी दिले, तरी कितीतरी मुलांचा पाय घट्ट रोवला जाईल.

तिसरे, आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावे. ही परीक्षा शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठीच आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा दोन प्रश्नपत्रिका असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मूल आठवीनंतर सोडवून कामाला लावणाऱ्या बापाला समजावताना ही रक्कम उपदेशापेक्षा जास्त बोलते. फक्त तयारी सातवीपासूनच करून घ्यावी लागते आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेवर काढावा लागतो.

चौथे, शिक्षकांशी वैर धरू नये. त्यांच्यावर निवडणूक, गणना आणि कागदपत्रांची कामे लादलेली असतात. चांगले शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंचा वस्तीने आंबेडकर जयंतीला सत्कार करावा, आणि जेथे चुकत असेल तेथे समितीच्या बैठकीत लेखी विचारावे. मान आणि जाब, दोन्ही आपण दिले पाहिजेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडे. तुमची शाळा महानगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची आहे, म्हणून मान खाली घालू नका. तिच्या भिंतीचा रंग उडाला असेल, पण ती कोणाची मेहेरबानी नाही. ती घटनेने दिलेला तुमचा हक्क आहे. तुमच्या वर्गातला जो मित्र आठ दिवस आला नाही, त्याच्या घरी जाऊन या. गुरुजींच्या आधी तुम्हाला त्याचे कारण कळेल.

शेवटी आपल्याच तालुक्यातील एका वारशाची आठवण द्यावीशी वाटते. १९६९-७० साली पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आढळली. त्यांत स्त्रियांचीही नावे आहेत. ज्याला जेवढे जमले तेवढे त्याने दिले आणि अशा अनेकांच्या दानातून तो स्तूप उभा राहिला. आपल्या वस्तीची शाळाही तशीच उभी राहायची आहे. कोणी आठवड्यातले तीन तास देईल, कोणी एका मुलाचा दाखला काढून आणील, कोणी समितीच्या बैठकीत एक प्रश्न विचारील. १९२७ साली बाबासाहेबांनी मोजलेल्या त्या ब्याऐंशी मुलांपैकी एकही आपल्या नजरेतून सुटू नये, एवढा निर्धार आपण सर्वांनी या निमित्ताने करू या.

जय भीम.